कोंडघरची डोंगरऐकी

पुण्याच्या कंपनीतला शेवटचा दिवस संपवून सुमेध गायकवाड जिना उतरला, तेव्हा कारखान्याचा आवाज त्याला फक्त आवाज म्हणून ऐकू आला. नऊ वर्षं तो तिथे पवनचक्क्यांची बेअरिंगं तपासत होता. यंत्र फिरवून कान दिला की चुटकीसरशी सांगायचा, "ह्याचा तिसरा छर्रा झिजलाय, चार महिने निघतील." त्या दुपारी त्याची उतरवणी पूर्ण झाली. जिन्यात थांबून त्याने मुद्दाम कान देऊन पाहिलं. नुसती घरघर होती.

त्याला वाईट वाटलं नाही. ही त्याची चौथी नोकरी. त्याआधी बंदरावर क्रेन, त्याआधी भिंगं घासण्याचं काम, आणि एकोणिसाव्या वर्षी लागलेली पहिली नोकरी घड्याळं दुरुस्त करण्याची. ही सगळी कामं आपण केली, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. तिथले मित्र आठवत होते, डब्यातल्या भाज्या आठवत होत्या. पण आज घड्याळ उघडून समोर ठेवलं असतं तर त्याच्या बोटांना काहीही सुचलं नसतं. भाड्याचं घर सोडताना किल्ली देऊन यावी, तशी त्याने प्रत्येक कला पुढच्या माणसाच्या हवाली केली होती.

त्या काळात नोकरी बदलणं असंच होतं. पूर्वी लोक अर्जात अनुभवाची वर्षं लिहीत आणि मालक त्यावर विश्वास ठेवत, हे शाळेच्या पुस्तकात वाचून मुलं हसत. आता अनुभव लिहावा लागत नसे, तो दिला-घेतला जाई. जाणाऱ्याच्या मेंदूतली कला येणाऱ्याच्या मेंदूत बसवायची, ह्याला कागदोपत्री 'कौशल्यांतर' म्हणत. लोकांच्या तोंडी साधे शब्द होते, उतरवणी आणि चढवणी. दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात माणूस 'कोरा' असे. कोरेपण कोणालाच आवडत नसे, कारण चढवणीसाठी कोणीतरी देणारा लागतो, आणि देणारा मिळेपर्यंत कोऱ्या माणसाला कुठेच जागा नसते.

सुमेधला ती मिळाली चिपळूणच्या वरच्या अंगाला, कोंडघर नावाच्या गावात. 'सह्यकवच' नावाची कंपनी घाटातल्या उतारांवर पहारा ठेवायची. तिथल्या चौकीवर एक बाई चौतीस वर्षं काम करत होत्या आणि आता निवृत्त होणार होत्या. साताऱ्याला शाळेत शिकवणारी त्याची बायको करुणा फोनवर म्हणाली, "डोंगर ऐकायचा? म्हणजे नक्की करायचं काय?"

"चढवलं की कळेल," सुमेध म्हणाला. प्रत्येक वेळी तो हेच म्हणायचा.

चौकी म्हणजे उतारासमोरच्या टेपावरची, म्हणजे छोट्या टेकाडावरची, दोन खोल्यांची दगडी इमारत होती. समोर ओढ्यापलीकडे कोंडघर, आणि कोंडघरच्या डोक्यावर काळा-हिरवा प्रचंड कडा. त्या कड्यात सेहेचाळीस पोलादी कांबी खोल ठोकलेल्या होत्या. डोंगराच्या आतली थरथर कांबी पकडायच्या, आणि ती थरथर माणसाच्या कानाला ऐकू येईल इतकी चढी करून चौकीत आणली जायची. गावातले लोक त्या कांबींना डोंगराचे कान म्हणत, आणि चौकीत बसणाऱ्या कुंदा रेडीज ह्यांना डोंगरऐकी.

सुमेध आत गेला तेव्हा कुंदाताई डोळे मिटून बसल्या होत्या. त्रेसष्ट वर्षांची सडपातळ बाई, कानावर जुने मोठे हेडफोन, दोन्ही पंजे टेबलावर पालथे ठेवलेले. भिंतीवरच्या पडद्यावर लाल अक्षरं उघडझाप करत होती. गणकयंत्र सांगत होतं की सतराव्या कांबीपाशी हालचाल आहे, धोका एकतीस टक्के.

"बाई, ते लाल..." सुमेध म्हणाला.

"बस हो जरा." त्यांनी डोळे न उघडता हात वर केला. मिनिटभराने हेडफोन काढले. "काही नाही. वरच्या अंगाला ऐनाच्या झाडाचं मूळ आहे एक, ऊन तापलं की करकरतं. सतरावा कान उगाच घाबरतो. त्याचा स्वभावच तसा."

यंत्र मूर्ख नव्हतं. पण एका मोसमात ते सव्वाशे वेळा लाल व्हायचं, आणि सव्वाशे वेळा कुठलं गाव घरदार सोडून पळेल? कुंदाताईंनी चौतीस वर्षांत कोंडघरला फक्त अकरा वेळा उठवलं होतं. नऊ वेळा डोंगर खाली आला आणि दर वेळी रिकाम्या घरांवर आला. दोन वेळा आला नाही. त्या दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी त्या घरोघर गेल्या आणि माफी मागून आल्या. हे सुमेधला त्यांनी सांगितलं नाही, सरपंच विलास शिगवण ह्यांनी सांगितलं. सांगताना सरपंचांचा आवाज देवळातल्यासारखा झाला होता.

"मावशी, तुम्हाला हे कोणी चढवलं?" सुमेधने पहिल्याच दिवशी विचारलं.

"कोणी नाही. मी इथं झाडू मारायला लागले होते." त्या हसल्या. "साहेब लोक जेवायला गेले की हेडफोन घालून बसायचे. ऐकता ऐकता आलं."

सुमेध त्यांच्याकडे बघत राहिला. स्वतः शिकलेलं माणूस त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं.

कौशल्यांतर करणाऱ्या डॉक्टर रेणुका बेहरे आठवड्याने आल्या. पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या. कुंदाताईंचे कान तपासून त्या म्हणाल्या, "वरच्या पट्टीचे आवाज झपाट्याने जातायत. श्रवणयंत्राचा उपयोग नाही, कारण ते आवाजाचा पोतच बदलतं. मेंदूतली कला शाबूत आहे, पण तिच्यापर्यंत पोचणारी वाट बुजत चालली आहे. पाऊस सुरू व्हायच्या आधी उतरवणी करू या."

"डॉक्टरीणबाई, मला साध्या शब्दांत सांगा, तुम्ही काय करणार? ह्याच्या अंगवळणी आहे, माझं डोकं कोणी उघडलेलं नाही अजून."

"उघडत नाही काही." डॉक्टर हसल्या. "गुळाची ढेप बघितली आहे ना? घट्ट असते. पण पुन्हा कढईत घातली की पातळ होते, आणि पातळ असेपर्यंत वेगळ्या भांड्यात ओतता येते. आपल्याला वाटतं, एकदा शिकलेलं डोक्यात दगडावर कोरल्यासारखं राहतं. तसं नाही. प्रत्येक वेळी तुम्ही डोंगर ऐकायला बसता, तेव्हा ती कला थोडी पातळ होते. काम संपलं की तास-दीड तासात पुन्हा घट्ट बसते. त्या मधल्या वेळेला आम्ही द्रवकाळ म्हणतो. तेवढ्यात ती तुमच्याकडून सुमेधकडे न्यायची."

"मग एक नक्कल काढा आणि त्याला द्या. माझी मला राहू द्या."

"सगळे हेच विचारतात. वाचायचं म्हटलं तर आतल्या एकेका सांध्याला स्पर्श करावा लागतो, आणि स्पर्श झालेला सांधा पुन्हा घट्ट बसत नाही. वाचणं आणि पुसणं ही एकच क्रिया आहे, बाई. यंत्रात साठवूनही ठेवता येत नाही, बसायला जिवंत मेंदूच लागतो. कला एका वेळी एकाच माणसापाशी राहते."

कुंदाताई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "चित्रा जाईल का त्यात?"

डॉक्टरांनी सुमेधकडे पाहिलं. चित्रा कोण, ते त्यालाही माहीत नव्हतं.

"माझी मुलगी," कुंदाताई म्हणाल्या. "आठ वर्षांची होती. कांबी नव्हत्या तेव्हा. दुपारचे तीन वाजलेले. मी वरच्या शेतात भात लावत होते आणि ती घरी झोपलेली. डोंगरातून आवाज आला. दातांत वाळू आली की कशी कचकच होते, तसा. मी ऐकला. कसला ते कळलं नाही. वाकले आणि पुढचं रोप लावलं." त्या थांबल्या. "मग चौकी झाली. मला तो आवाज पुन्हा ऐकायचा होता, म्हणून झाडू मारायचं काम धरलं."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि त्या खरं तेच बोलल्या, ह्याचं सुमेधला पुढे नेहमी कौतुक वाटलं.

"तिचं नाव, चेहरा, ती काय बोलायची, तो दिवस, हे सगळं राहील. ते मेंदूत वेगळ्या जागी असतं. पण सुमेधने आजवर घेतलेल्या कला कुंडीतल्या रोपांसारख्या होत्या, इकडून उचलली, तिकडे ठेवली. तुमचं झाड आहे, आणि ते त्या दुपारीच रुजलंय. उपटताना मुळांबरोबर किती माती येईल, हे मला आधी सांगता येणार नाही."

"माती म्हणजे काय?"

"आठवण राहील, बाई. आठवल्यावर आत जे होतं, ते राहील की नाही, ते माहीत नाही. कायदा तुमच्या बाजूने आहे. तुम्ही नाही म्हणू शकता."

कुंदाताईंनी मे अखेरपर्यंत मुदत मागितली.

त्या संध्याकाळी सुमेध त्यांच्या घरी गेला. घर चौकीच्या मागेच होतं. अंगणात त्या कोकमं वाळत घालत होत्या. "मावशी," तो म्हणाला, "मला उतरवून देऊ नका. तुम्ही शिकलात तसं मला शिकवा."

"किती दिवस आहेत?"

"पाच आठवडे."

त्यांना इतकं हसू आलं की कोकमाची परात हलली. "अरे, पाणी कुठलं आणि दगड कुठला, एवढं वेगळं करायला मला सहा वर्षं लागली." मग हसू ओसरल्यावर त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "पण ये उद्या. बसून बघ."

तो बसला. सकाळी सात ते दुपारी एक, हेडफोनचा दुसरा जोड लावून. पहिले दहा दिवस त्याला कढईत काहीतरी तळल्यासारखी एकसारखी चरचर ऐकू आली, दुसरं काही नाही. डोकं दुखायचं. काही न येणं आणि तरी रोज त्याच्याच पुढे जाऊन बसणं, हा प्रकार अडतीस वर्षांच्या माणसाला नवा होता. त्याच्या पिढीला कोणी कधी तसं बसवलंच नव्हतं. कुंदाताई मध्येच त्याच्या मनगटावर बोट टेकायच्या. "हे. आत्ता. मुरणारं पाणी." आणि तो मान हलवायचा, न कळता.

सतराव्या दिवशी चरचरीखालून एक बारीक धागा वेगळा निघाला. चरचर खाली राहिली आणि तो वर तरंगला. सुमेधने श्वास रोखला. "मावशी, हे मूळ आहे? ऐनाचं?"

"तेच!" त्यांनी त्याच्या पाठीत अशी थाप मारली की तो पुढे वाकला. त्या दिवशी त्याने करुणाला फोन करून हा एक आवाज तीनदा वर्णन करून सांगितला. तिला काही समजलं नाही, पण इतका आनंदलेला नवरा तिने कधी ऐकला नव्हता. दिवसभर तो कुंदाताईंकडे चोरून बघत राहिला. एका धाग्याला सतरा दिवस, आणि ह्या बाईंच्या कानात असे हजारो होते. कोणी दिलेले नव्हते, एकेक करून ओढून काढलेले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस सकाळी कुंदाताई म्हणाल्या, "आज अगदी गप्प आहे हो." दोघं डबा उघडून बसले. एवढ्यात वरच्या पाड्यातली दोन माणसं धापा टाकत आली. कड्याच्या उजव्या कोपऱ्यातून दगड सुटले होते, एक शेळी मेली होती.

कुंदाताईंनी घास खाली ठेवला. एकतिसाव्या कांबीची नोंद मागे नेऊन लावली. ऐकली. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरले. सुमेधला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. नोंदीत दगड सुटत होते, पडद्यावर रेघ उसळत होती, आणि त्यांच्या कानात काहीच येत नव्हतं.

त्यांनी हेडफोन काढले. वायर नीट गुंडाळली.

"डॉक्टरीणबाईंना फोन लाव."

"मावशी, पण चित्रा..."

"शाळेत पोरं किती आहेत माहीत आहे? एक्केचाळीस. रोज सकाळी ओढ्यावरचा पूल ओलांडतात तेव्हा मोजते मी." त्या उठल्या. "माझ्या कानात चित्रा राहिली आणि ऐकू आलं नाही, तर कोणाच्या कामाची?"

"मी नाही म्हणू शकतो. मी जातो परत."

"आणि तू गेलास की दुसरा येईल, कोरा. त्याला वाटेल किल्ली घेतोय." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू बसलास इथं. तुला निदान कळतंय, काय घेतोयस."

उतरवणी सात दिवस चालली. रोज सकाळी कुंदाताई जुन्या नोंदी ऐकायला बसायच्या, अकराही वेळच्या, आणि शेजारच्या खोलीत सुमेध डोळे मिटून पडलेला असायचा. पहिल्या दिवशी कुंदाताई रडल्या. चौथ्या दिवशी रडल्या नाहीत. सातव्या दिवशी हेडफोन काढून त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "नुसती चरचर येतेय," आणि भूक लागली म्हणून जेवायला घरी गेल्या.

सुमेध बाहेर आला आणि डोंगराकडे पाहून ओट्यावर खाली बसला. आजवरच्या चढवण्यांत कला हातमोज्यासारखी बसायची. ही तशी नव्हती. समोर डोंगर होता, आणि त्याला त्या डोंगराची भीती वाटत होती.

जुलैच्या एकोणीस तारखेला चौथ्या दिवशीही पाऊस थांबला नव्हता. सकाळचे नऊ वाजले होते. गणकयंत्र बावीस टक्के दाखवत होतं, लालसुद्धा झालं नव्हतं. सुमेध सेहेचाळीस कांबी एकामागून एक ऐकत होता. पाणी. मूळ. पाणी. दगडावर दगड, जुनाच. मग अठ्ठाविसाव्या कांबीवर, सगळ्याच्या तळाशी, दातांत वाळू आल्यासारखी कचकच.

तो ताडकन उठला. त्याने फोन उचलला.

"विलासराव, गाव उठवा."

"गणक तर बावीस म्हणतोय, गायकवाड. बाहेर कसला पाऊस आहे बघा. म्हातारी माणसं आहेत."

"कुंदामावशी उठवायच्या तेव्हा तुम्ही आकडा विचारायचात?"

सरपंच म्हणाले, "उठवतो."

दहापर्यंत पुलावरून रांग लागली. डोक्यावर प्लास्टिक, हातात बोचकी, पाठीवर म्हातारी माणसं. कोणी कुरकुर केली नाही, चौतीस वर्षांची सवय होती. सगळ्यांना टेपावरच्या शाळेच्या सभागृहात बसवत होते. सुमेध पुलाच्या तोंडाशी उभा राहून मोजत होता. कुंदाताई सभागृहाच्या दारात मुलांची डोकी पुसत होत्या.

अकराच्या सुमाराला एक लहान मुलगी रांगेतून निसटली आणि उलटी, गावाकडे पळाली. तिचं दप्तर घरी राहिलं होतं. ती पुलाच्या मध्यावर पोचली तेव्हा सुमेधला कांबीशिवाय, हेडफोनशिवाय, पायांखालच्या लाकडातून ती कचकच जाणवली.

"चित्रा!" तो ओरडला. "चित्रा, मागे फिर!"

मुलीचं नाव समिधा होतं. पण तो आवाज ऐकून ती जागच्या जागी थिजली. त्याने धावत जाऊन तिला उचललं आणि छातीशी इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. पूल ओलांडल्यावरही तो तिला खाली ठेवेना. शेवटी तिच्या आईने त्याची बोटं सोडवली.

अकरा वीसला कडा खाली आला. आधी झाडं उभीच्या उभी चालू लागली, मग सगळा उतार एका अंगाने सरकला, आणि कोंडघरची खालची एकवीस घरं दिसेनाशी झाली. माती ओढ्यापर्यंत येऊन थांबली. सभागृहात तीनदा मोजणी झाली. दोनशे अठरा माणसं, एकही कमी नाही. एक्केचाळीस मुलं, एकही कमी नाही. सरपंच रडत रडत सुमेधच्या पाया पडायला वाकले तेव्हा त्याने त्यांना धरून कुंदाताईंकडे वळवलं. "त्यांच्या," तो म्हणाला. "हे सगळं त्यांचं आहे." आणि मग सगळं गाव त्या बाईभोवती जमा झालं. त्या बावरून म्हणत होत्या, "अहो, मी आज काहीच केलं नाही."

आठवड्याने डॉक्टर बेहरे तपासणीला आल्या. त्यांनी सुमेधला बराच वेळ प्रश्न विचारले. चित्रा त्याला कधी दिसत नव्हती, तिच्याबद्दल त्याला काही आठवतही नव्हतं. तिचे केस कसे होते हेसुद्धा माहीत नव्हतं. फक्त डोंगराचा आवाज आला की, किंवा पुलावर मुलं मोजताना, आत काहीतरी तुटायचं आणि त्या नावाची हाक त्याच्या तोंडात यायची.

"वेगळं काढता येईल?" त्याने विचारलं.

"नाही. काढायला गेले तर कान जाईल. तीच ऐकते आहे, सुमेध, असं समजा."

"आणि मी उद्या नोकरी बदलली तर?"

डॉक्टर खिडकीतून उघड्या पडलेल्या तांबड्या उताराकडे बघत होत्या. "तुमच्यानंतर येईल त्याला मिळेल. त्याच्यानंतर पुढच्याला. ह्या चौकीवर जो बसेल, तो तिच्यासाठी झुरेल. शंभर वर्षांनीसुद्धा. नेमणुकीच्या कागदात हे लिहावं लागेल, पण कुठल्या शब्दांत लिहायचं ते मला सुचत नाहीये."

चार नोकऱ्या सुमेधने मागे वळून न बघता सोडल्या होत्या. ही सोडायची कल्पना त्याला पहिल्यांदाच सहन होईना. दुःख होतं, आणि तरी ते दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावंसं वाटत नव्हतं.

तिथून तो कुंदाताईंकडे गेला. त्या पत्र्याखाली बसून फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. तब्येत सुधारली होती, गाल भरले होते. पाऊस धो धो कोसळत होता आणि त्यांचं पावसाकडे लक्षही नव्हतं.

"ये, ये. चहा टाकते." चहा घेऊन आल्यावर त्या त्याच्या समोर बसल्या. "विलास सांगत होता, तू पुलावर चित्राच्या नावाने ओरडलास."

"हो, मावशी."

"मला वाटलंच." त्या भिंतीकडे वळल्या. तिथे दोन वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो होता. सुमेध तो पहिल्यांदाच नीट पाहत होता, आणि पाहताना त्याने कप खाली ठेवला. "रोज पुसते मी तो. आधी पुसताना हात थांबायचा. आता भराभर होऊन जातो. सगळं आठवतं रे मला. तिला गोड आवडायचं नाही, अंधाराला भ्यायची. चांगली मुलगी होती. पण शेजारणीची असावी तशी." हे त्या कुठलीही तक्रार न करता सांगत होत्या. "पाऊस पडतो आणि मी झोपते. चौतीस वर्षांत झोपले नव्हते. बरं वाटतं. आणि बरं वाटतं म्हणून कसंसंच होतं."

सुमेधने फोटोवरून नजर काढली.

"तुझ्याकडे आहे ना ते सगळं?" त्यांनी विचारलं. "सांग मला. ती आठवली की काय होतं?"

"मावशी, नको."

"सांग. माझंच आहे. मला कळायला नको, किती होतं ते?"

मग तो सांगायला लागला. आधी अडखळत, फोटोकडे न बघता. सकाळी पुलावरची मुलं मोजून झाली की एक जागा मोकळी राहते, तिथे तो रोज थांबतो, हे सांगितलं. एक रोप लावायला लागणारा वेळ किती मोठा असतो, हे सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज फुटला आणि हळू हळू खाली गेला.

कुंदाताईंनी आठळ्यांचं ताट बाजूला सारलं. पुढे सरकून त्या त्याच्या अगदी गुडघ्याला लागून बसल्या, हाताचा पंजा कानामागे धरला आणि मान त्याच्या तोंडाशी आणली.

"जरा मोठ्याने सांग," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही रे."